चालविणे, चालवणे, चालणे : अर्धांगवायूनंतरचे पाऊल

मेंदूतील रक्तवाहिनी तुंबली अथवा फुटली म्हणजे पुष्कळदा शरीराची एक बाजू लुळी पडते. यालाच अर्धांगवायू म्हणतात. त्यातून उठलेल्या माणसाला पुन्हा चालते होताना जे टप्पे ओलांडावे लागतात, ते मराठी क्रियापदाच्या तीन रूपांवरून चांगले उमगतात.

‘नातू आजोबांना चालवतो’ हे प्रयोजक रूप होय. येथे क्रियेची सूत्रे दुसऱ्याच्या हाती असतात. ‘आजोबांना चालवते’ हे शक्य रूप. यात नातू वाक्यातून निघून जातो. परंतु ‘आजोबांना’ हे पद जसेच्या तसे राहते. सामर्थ्य आले, स्वामित्व आले नाही. ‘आजोबा चालतात’ या वाक्यात मात्र ते प्रथमेत येतात व पूर्णार्थाने कर्ते होतात.

पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात नेणारे साधन म्हणजे अभ्यास. मेंदूचे शाबूत भाग गमावलेल्या कार्याचा काही भार उचलू शकतात; मात्र त्यासाठी प्रत्यक्ष चालण्याचीच पुनरावृत्ती लागते. काठी सबळ हातात धरावयाची. पायरी चढताना सबळ पाय प्रथम, उतरताना दुर्बल पाय प्रथम. ही प्रगती चालण्याच्या वेगावरून मोजता येते.

दुसऱ्यातून तिसऱ्यात जाणे मात्र वेगावर अवलंबून नसते. पडण्याच्या भयाने माणूस बसून राहतो, बसल्याने स्नायू क्षीण होतात आणि भय खरे ठरते. पॉवेल व मायर्स यांनी वृद्धांसाठी १९९५ साली प्रसिद्ध केलेली १६ प्रश्नांची श्रेणी अर्धांगवायूच्या रुग्णांसाठीही वापरतात. ती ‘चालवते का’ असे विचारीत नाही. जिना, उतार, गर्दीतील धक्का अशा प्रसंगी तोल राहील याची खात्री शेकडा किती, असे विचारते.

कोल्हापूर परिसरातील भाविकाला या तिन्ही कसोट्या वाडी रत्नागिरीस, जोतिबाच्या डोंगरावर, एकत्र भेटतात. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत तर सासनकाठ्यांभोवती अफाट गर्दी असते. म्हणून क्रम राखणे अगत्याचे : आधी अंगण, मग उंबरठा, मग चार पायऱ्या, मग गर्दी नसलेल्या दिवशी देवळाचे आवार, आणि दुर्बल बाजूस सोबती.

अखेरचा प्रश्न या सोबत्याचाच आहे. मायेपोटी घरची माणसे प्रयोजक रूपातच अडकून पडतात आणि ज्याला चालवते त्यालाही चालवीत राहतात. हात जवळ असावा, पण धरलेला नसावा. मग डोंगरावरून परतलेला माणूस ‘मला नेले’ किंवा ‘मला चढवले’ असे न म्हणता ‘जोतिबाला जाऊन आलो’ एवढेच म्हणेल.