उकळीची दोन मिनिटं

मधल्या वेळी तोंडात टाकायला म्हणून फरसबी, ब्रोकोली किंवा मटार उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं टाकले आणि काढून लगेच गार पाण्यात सोडले, की ते कच्चे असताना होते त्याहूनही हिरवेगार दिसतात. या ब्लांचिंगचा रंग ताटाची शोभा म्हणून पाहिला जातो आणि तिथेच सोडून दिला जातो. माझ्या मते त्याची किंमत त्याहून बरीच जास्त आहे. घरात भाजीसाठी कोणी थर्मामीटर लावत नाही, जीवनसत्त्वं मोजायचीही सोय नसते. अशा वेळी भाजीला किती आच लागली, याचा हाताशी असलेला सर्वांत भरवशाचा हिशेब म्हणजे तिचा रंग. अट एकच, तो रंग बनावट नसावा.

पहिल्या अर्ध्या मिनिटात रंग उजळतो तेव्हा भाजीतलं हरितद्रव्य काही वाढलेलं नसतं. पेशींच्या मधल्या फटींत हवा असते, ती प्रकाश विखुरते आणि कच्ची शेंग किंचित धुरकट दिसते. गरम पाण्यात ही हवा निघून जाते. नीट पाहिलं तर शेंगेच्या अंगावरून बारीक बुडबुडे सुटताना दिसतात. मग आतला हिरवा रंग आडपडदा न राहता समोर येतो. इथून पुढे मात्र उतरण सुरू होते. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या कामासाठी रिखर्ड विलश्टेटर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला 1915 मध्ये नोबेल मिळालं, आणि हे मॅग्नेशियम रेणूचाच घटक आहे हे त्यांनीच दाखवलं होतं. पेशीत आम्लंही असतात, पण ती रिक्तिकेत कोंडलेली असतात. उष्णतेनं पडदे फाटले की ती मोकळी होतात आणि त्यांच्यातला हायड्रोजन मॅग्नेशियमला हुसकावून त्याची जागा घेतो. तयार होतं ते फिओफायटिन, मळकट शेवाळी रंगाचं. पाच-सात मिनिटांत हा बदल डोळ्यांना जाणवू लागतो. याच वेळात पेशीभित्तिका धरून ठेवणारं पेक्टिन सुटत असतं आणि क जीवनसत्त्व पाण्यात उतरत असतं. या तिन्ही घटनांची रसायनं वेगळी आहेत, पण तिन्हींना लागतात उष्णता आणि वेळ. म्हणून शेंग शेवाळी दिसू लागली, की तिचा कुरकुरीतपणा आणि क जीवनसत्त्वाचा बराच वाटा गेला, असं खुशाल समजावं.

मग भाजी कच्चीच का खाऊ नये? काकडी, गाजर खावंच. पण फरसबीत लेक्टिन नावाची प्रथिनं असतात, ती पोट बिघडवतात. तिला इतरांपेक्षा जास्त वेळ द्यावा आणि कच्चा उग्र वास पुरता जाईपर्यंत काढू नये. रंग थोडा उतरला तरी चालेल. शिवाय तोडलेल्या भाजीतली एन्झाइम्स थांबलेली नसतात. हिवाळ्यात मटार स्वस्त झाले की कितीतरी घरांत ते सोलून फ्रीजरमध्ये जातात. तसेच कच्चे ठेवले, तर काही महिन्यांनी त्यांना वाळल्या गवतासारखा वास येतो, कारण लायपॉक्सिजनेज हे एन्झाइम थंडीत मंदावतं, पण बंद पडत नाही. कारखान्यांत ब्लांचिंग पुरेसं झालं की नाही, हे पेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम तपासून ठरवतात. उष्णतेत ते फार चिवटपणे टिकतं. ते निकामी झालं म्हणजे बाकीची गेलीच.

रंगावर विश्वास ठेवायचा तर तो फसवतो कसा, हेही पाहायला हवं. पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की आम्ल मारलं जातं आणि हिरवा रंग टिकतो, किंबहुना भडक होतो. पण त्याच सोड्यानं पेशीभित्तिका गिळगिळीत होतात आणि ब-1 जीवनसत्त्व नष्ट होतं. म्हणजे रंग सांगतो ताजी, दात सांगतात शिळी. तांब्याची गोष्ट याहून वाईट. मॅग्नेशियमच्या जागी तांबं बसलं तर हिरवा रंग पक्का होतो. लंडनमध्ये फ्रेडरिक अकुम यांनी 1820 मध्ये खाद्यभेसळीवर ग्रंथ लिहिला, त्यात तांब्यानं हिरव्या केलेल्या लोणच्यांचा विषारीपणा त्यांनी उघड केला होता.

जाणकारांचा मोठा आक्षेप असतो तो पाण्याचा: एवढं पाणी घेतलं तर जीवनसत्त्वं ओतूनच जाणार. आक्षेप खरा आहे. वाफेवर केलं तर क जीवनसत्त्व कमी जातं, पण सुटलेली आम्लं तिथेच राहतात आणि रंग थोडा मंदावतो. मात्र कमी पाणी घेऊन नुकसान टळतं, हे मला पटत नाही. पाव किलो भाजी अर्धा लिटर उकळत्या पाण्यात टाकली तर पाणी साधारण 77 अंशांवर येतं. दोन लिटरमध्ये टाकली तर 92 वरच थांबतं. पाणी कमी असलं, की भाजीचा गाभा 50 ते 70 अंशांच्या टप्प्यात जास्त वेळ रेंगाळतो आणि त्या टप्प्यात काही एन्झाइम्स मरायच्या ऐवजी जोमानं काम करतात. म्हणून थोडी थोडी भाजी, भरपूर पाणी आणि झाकण उघडं. पालकाच्या बाबतीत तर पाणी ओतून देणं फायद्याचंच, कारण मुतखड्याला हातभार लावणारं ऑक्झलेट त्याच्याबरोबर जातं. मीठ चवीपुरतं घाला. लिटरला दहा ग्रॅम मिठानं उत्कलनबिंदू जेमतेम 0.2 अंशानं वर जातो.

बर्फाचंही तसंच. तो असेल तर उत्तम, पण नसला म्हणून अडू नये. पाव किलो गरम भाजी 30 अंशांच्या दोन लिटर पाण्यात सोडली तर सगळं मिळून 37 अंशांच्या आसपास येतं, आणि तिथे शिजणं थांबलेलंच असतं. एकदा पाणी बदललं की झालं. लिंबू मात्र खाताना पिळावं, आधी नाही, कारण आंबटपणा वाट्टेल तिथून येवो, हिरवा रंग तो खातोच. अळूच्या फतफत्याचा गडद शेवाळी रंग हा त्याचाच नमुना. पण तिथे चिंच खवखव जावी म्हणून घालतात आणि रंगाची कोणी फिकीर करत नाही, ते बरोबरच आहे.

एका बाबतीत मात्र रंग काहीच सांगत नाही, आणि ती म्हणजे जंतू. दोन मिनिटांच्या उकळीनं पृष्ठभागावरचे बरेच जंतू मरतात; गार करताना, हाताळताना नवे येऊ शकतात. युरोपात 2015 ते 2018 दरम्यान गोठवलेल्या मक्यासारख्या भाज्यांतून लिस्टेरिया पसरला, 47 जण आजारी पडले आणि नऊ जण दगावले; भाज्या ब्लांच करणाऱ्या हंगेरीतल्या एका कारखान्यापर्यंत माग लागला. म्हणून गार झालेली भाजी चाळणीत निथळून, स्वच्छ पंच्यावर कोरडी करून, झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवावी आणि दोन-तीन दिवसांत संपवावी. ओट्यावर दुपारभर उघडी राहिलेली फरसबी हिरवीगार दिसली, तरी खाऊ नये.