लाल रेघ आणि चुकलेली तारीख : जावा आज्ञावलीतील पॅकेज व सोर्स फोल्डरच्या त्रुटी

किडींच्या पुढील पिढीचा अंदाज बांधण्यासाठी लागणारी अंश-दिवसांची आकडेमोड पूर्वी वहीत होत असे. आता ती अनेक केंद्रांत संगणकावर होते. अशा आज्ञावली बहुधा एखादा पदव्युत्तर विद्यार्थी लिहितो आणि प्रबंध पूर्ण करून निघून जातो. मागे उरतो तो पेनड्राइव्हवरील एक फोल्डर. तो ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’ या संपादकात उघडला की फाइलच्या पहिल्याच ओळीखाली लाल रेघ दिसते आणि संदेश येतो : ‘द डिक्लेअर्ड पॅकेज डझ नॉट मॅच द एक्स्पेक्टेड पॅकेज.’ म्हणजे फाइलमध्ये जाहीर केलेले पॅकेज आणि अपेक्षित पॅकेज जुळत नाहीत. विस्तार कार्यकर्ते आणि हवामानाच्या नोंदी स्वतः ठेवणारे शेतकरी याच टप्प्यावर अडतात, म्हणून कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयावर लिहिण्याचे धाडस केले आहे.

धाडसामागे एक चूकही आहे, आणि ती आमचीच. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली कर्नाटकात प्रथम नोंदली गेली. तेव्हापासून तिच्या पिढ्यांचा माग ठेवणे आमच्या नित्याच्या कामात आहे. आमच्या आज्ञावलीत पायाभूत तापमान १० अंश सेल्सिअस धरलेले होते. ते बदलून आम्ही १२.५ केले. फाइल जतन केली, आज्ञावली चालवली, तारीख मिळाली, सल्ला पाठवला. त्या तारखेला शेतकऱ्यांनी मक्याचे पोंगे उलगडून पाहिले, तर अंडीपुंज नाहीत, पानांवर खरवडल्याच्या खुणाही नाहीत. कामगंध सापळ्यांतही पतंगांची संख्या वाढलेली नव्हती. ती वाढली चार दिवसांनी, आणि तोवर बऱ्याच जणांनी ‘यंदा कीड नाही’ असे मानून शेताकडे पाठ फिरवली होती. अळी लहान असतानाच उपाय लागू पडतो. ती पोंग्यात शिरली आणि विष्ठेने तोंड बुजवून बसली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. चार दिवसांचे मोल एवढे असते.

हिशेब वहीत करून पाहिला तेव्हा उलगडा झाला. समजा, दिवसाचे सरासरी तापमान २६ अंश आहे आणि पिढी पूर्ण होण्यास ३२४ अंश-दिवस लागतात. पायाभूत तापमान १२.५ धरले तर दररोज १३.५ अंश-दिवस जमतात आणि २४ दिवस लागतात. १० धरले तर दररोज १६ जमतात आणि सुमारे २० दिवसांतच अंदाज पूर्ण होतो. म्हणजे फाइलमध्ये १२.५ दिसत होते, पण आज्ञावली १० धरूनच चालत होती. लाल रेघ त्या दिवशीही होती. आकडे तर येत आहेत, म्हणून आम्ही तिच्याकडे दुर्लक्ष केले.

आता ती रेघ काय सांगते ते पाहू. कीटक संग्रहालयात प्रत्येक नमुन्याखाली एक चिठ्ठी टोचलेली असते. तिच्यावर कुल, प्रजाती, जाती लिहिलेली असते, आणि नमुना त्याच क्रमाने लावलेल्या खणात ठेवलेला असतो. चिठ्ठी एका कुलाची आणि खण दुसऱ्याचा असेल तर संग्रहपाल नमुना बाजूला काढतो. जावामध्ये फाइलच्या आरंभी लिहिलेले ‘पॅकेज मॉडेल’ हे विधान म्हणजे चिठ्ठी, आणि फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तो खण. दोहोंचे नाव एकच हवे. पॅकेजचे नाव टिंबांनी तोडलेले असेल तर प्रत्येक तुकड्यासाठी एकात एक फोल्डर हवा. एकाच नावाचे दोन वर्ग वेगवेगळ्या पॅकेजांत सुखाने नांदू शकतात, ते याच व्यवस्थेमुळे.

परंतु खण कोठून मोजायचे? कपाटाचे नाव चिठ्ठीवर कोणी लिहीत नाही. सोर्स फोल्डर म्हणजे हे कपाट. बहुतेक प्रकल्पांत त्याचे नाव ‘एसआरसी’ असते, जे सोर्स या शब्दाचे लघुरूप आहे. पॅकेजची गणना त्याच्या आतून सुरू होते. त्याचे स्वतःचे नाव पॅकेजमध्ये येत नाही. संपादकाला कपाट कोणते हेच ठाऊक नसेल तर तो सगळ्या खोलीलाच कपाट समजतो, आणि मग त्याला ‘मॉडेल’च्या जागी ‘अंशदिवस.एसआरसी.मॉडेल’ असे लांबलचक नाव अपेक्षित असते. संदेशात दोन्ही नावे अवतरणांत दिलेली असतात. ती शांतपणे वाचावीत. अपेक्षित नावात ‘एसआरसी’ दिसले, तर फाइल निर्दोष आहे आणि कपाट चुकले आहे, असे जवळपास खात्रीने समजावे.

कपाट चुकण्याचे नेहमीचे कारण अगदी साधे आहे. झिप फाइल विंडोजवर उलगडली की पुष्कळदा ‘अंशदिवस’ फोल्डरच्या आत पुन्हा ‘अंशदिवस’ फोल्डर तयार होतो. आपण बाहेरचा उघडतो. सोर्स फोल्डर कोणता हे सांगणारी ‘सेटिंग्ज डॉट जेसन’ ही फाइल आतल्या फोल्डरमधील ‘डॉट व्हीएसकोड’ या उपफोल्डरात असते, आणि संपादक ती फक्त उघडलेल्या फोल्डरच्या पहिल्या पातळीवरून वाचतो. बाहेरचा फोल्डर उघडल्यावर ती वाचलीच जात नाही. म्हणून ‘फाइल’ मेनूतील ‘ओपन फोल्डर’ने तो फोल्डर उघडावा ज्याच्या लगेच आत ‘एसआरसी’ दिसतो. आमची रेघ एवढ्यानेच गेली.

तेवढ्याने गेली नाही, तर डावीकडील यादीत ‘एसआरसी’वर उजवी टिचकी देऊन ‘ॲड फोल्डर टू जावा सोर्स पाथ’ हा पर्याय निवडावा. तरीही संपादक जुनीच समजूत धरून बसला असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि पी या कळा एकत्र दाबून ‘जावा : क्लीन जावा लँग्वेज सर्व्हर वर्कस्पेस’ ही आज्ञा द्यावी, तो सर्व काही नव्याने मोजतो. प्रकल्पात ‘पॉम डॉट एक्सएमएल’ ही फाइल असेल तर तो मेव्हन पद्धतीचा आहे. तेथे ‘सेटिंग्ज डॉट जेसन’मधील नोंद चालत नाही, पॉम फाइल असलेला फोल्डरच उघडावा, आणि जावा फाइली ‘एसआरसी’, ‘मेन’, ‘जावा’ अशा एकात एक फोल्डरांत असाव्यात. एक्लिप्स वापरणाऱ्यांना हेच काम ‘बिल्ड पाथ’मधील ‘यूज ॲज सोर्स फोल्डर’ने करता येते.

एका मोहापासून मात्र दूर राहावे. लाल रेघेवर पिवळा दिवा दिसतो आणि संपादक तत्पर उपाय सुचवतो : पॅकेजचे नाव बदलून अपेक्षित नाव लिहू का? होय म्हटले की त्या फाइलवरची रेघ नाहीशी होते, आणि जी जी फाइल तिला जुन्या नावाने आयात करत होती तिथे नव्या रेघा उमटतात. चुकीच्या खणात सापडलेल्या नमुन्याची चिठ्ठीच बदलावी, तसे हे आहे. आमच्याकडे एका उत्साही सहकाऱ्याने सात फाइलींच्या चिठ्ठ्या अशा बदलल्या होत्या. त्या पूर्ववत करण्यात एक दुपार गेली.

राहिला मुख्य प्रश्न : रेघ असताना आकडे कसे येत होते? जावाची फाइल थेट चालत नाही. तिचे संकलन होऊन ‘क्लास’ फाइल बनते आणि प्रत्यक्षात ती चालते. विद्यार्थ्याने सोयीसाठी एक बॅच फाइल करून ठेवली होती. टिचकी मारली की ती ‘बिन’ फोल्डरमधील क्लास फाइली चालवी. संपादकाला सोर्स फोल्डर सापडत नव्हता, त्यामुळे आमचा बदल ‘बिन’मध्ये पोहोचलाच नाही. बॅच फाइल मात्र तेथील जुन्या, १० अंशांच्या क्लास फाइली इमानाने चालवत राहिली. म्हणून सोर्स फोल्डर दुरुस्त केल्यावर ‘बिन’मधील क्लास फाइली पुसून संपूर्ण प्रकल्पाचे संकलन पुन्हा करावे. एकाच फाइलचे संकलन पुरत नाही, कारण पायाभूत तापमानासारखा स्थिरांक संकलनाच्या वेळी इतर क्लास फाइलींतही उतरवला जातो.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. फोल्डर ‘मॉडेल’ आणि पॅकेज ‘मॉडेल’, पण रोमन लिपीत एकाचे पहिले अक्षर मोठे आणि दुसऱ्याचे लहान, असे असेल तर विंडोजवर ते बहुधा खपून जाते. लिनक्सच्या सर्व्हरवर तीच आज्ञावली अडते. पॅकेजची नावे सर्वत्र लहान अक्षरांतच ठेवावीत. दुसरे, ‘द इम्पोर्ट कॅनॉट बी रिझॉल्व्ह्ड’ हा संदेश बाहेरील ग्रंथालयाच्या नावासह येत असेल तर सोर्स फोल्डर निर्दोष असू शकतो. ‘लिब’ फोल्डरमध्ये संबंधित जार फाइल आहे का, ते पाहावे.

आता आमची आज्ञावली सुरू होताच वापरलेले पायाभूत तापमान पडद्यावर दाखवते. हंगामाच्या पहिल्या दिवशी आम्ही तिला एकच नोंद देतो : कमाल ३४, किमान १८. उत्तर १३.५ आले तर पुढचे काम सुरू होते; १६ आले तर त्या दिवशी सल्ला थांबतो आणि ‘बिन’ फोल्डर उघडला जातो.