मेंढपाळांच्या नातवंडांचा नाच

जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस बॅसिलिकात ज्याचं शव जपून ठेवलं आहे, तो फ्रान्सिस झेवियर पोर्तुगीज होता असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. तो बास्क होता. १५०६ साली नवार प्रांतातल्या हाविएरच्या गढीत जन्मलेला आणि घरी बास्क बोलणारा. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर, पिरेनीजच्या रांगा समुद्राला भिडतात तिथे हा लहानसा समाज राहतो. त्याचे सात प्रांत आहेत, चार स्पेनकडे आणि तीन फ्रान्सकडे. त्यांच्या भाषेचं जगातल्या कुठल्याच हयात भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही.

घर सोडून दूर जाणं या लोकांच्या अंगवळणी पडलेलं. शेतघराची वाटणी करायची नाही, ते एकाच वारसाकडे अखंड जायचं, अशी तिथली रीत. उरलेल्या भावंडांसमोर चर्च, समुद्र किंवा अमेरिका एवढेच रस्ते उरत. एकोणिसाव्या शतकात ते अर्जेंटिनाच्या कुरणांवर पोचले आणि त्याच शतकात उत्तर अमेरिकेतल्या नेवाडा, कॅलिफोर्निया आणि आयडाहोच्या माळांवर. आयडाहोत आले ते मुख्यतः बिस्काया प्रांतातले तरुण. गावी मेंढपाळी न केलेल्यांनाही इथे मेंढ्यांमागे जावं लागलं, कारण त्या कामाला इंग्रजी लागत नसे. हजार-दोन हजार मेंढ्या, एक-दोन कुत्री आणि महिनोन्महिने माणसाचं तोंड नाही. ॲस्पेन झाडांच्या पांढऱ्या सालीवर त्यांनी कोरलेली नावं नि चित्रं अजून सापडतात.

हिवाळ्यात ही मंडळी आयडाहोतल्या बॉइझीसारख्या गावातल्या बास्क खाणावळींत मुक्कामाला येत. तिथे कामाला आलेल्या बास्क मुलींशी त्यांची लग्नं जमत. रात्रीची जेवणं उरकली की टेबलं भिंतीकडे सरकवायची, कोणीतरी अकॉर्डियन काढायचं आणि ‘खोता’ हा नाच सुरू व्हायचा. त्याला तालीम नव्हती, पोशाख नव्हता, प्रेक्षकही नव्हते. अमेरिकेतल्या बास्क नाचाचा पाया या जेवणघरांतला आहे, रंगमंचावरचा नाही.

१९२४ च्या कायद्यानं स्पेनहून येणाऱ्यांचा वार्षिक कोटा १३१ वर आणला आणि नव्या माणसांचा ओघ आटला. इथेच जन्मलेली पिढी शाळेत इंग्रजी शिकली. घरची भाषा आणि घरचा नाच दोन्ही तिच्या हातून निसटू लागले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस जे होर्माएचेआ या बॉइझीकर बाईंनी मुलं गोळा करून त्यांना पावलं शिकवायला घेतली. खाणावळीत बघून-बघून येणारी गोष्ट आता वर्गात शिकवावी लागणार, हे त्यांनी वेळेवर ओळखलं. परंपरा म्हटली की आपण आजी-आजोबांची चित्रं रंगवतो. माझ्या मते मात्र असं वर्ग भरवणारं एखादं चिवट माणूसच ती पुढे नेतं.

तिकडे मायदेशात काय चाललं होतं? स्पेनमधल्या यादवी युद्धात, १९३७ च्या एप्रिलात, गेर्निका या बास्क गावावर बॉम्ब पडले. त्याच वर्षी बास्क सरकारनं ‘एरेसोइंका’ हे गायक-नर्तकांचं पथक उभं केलं आणि ते युरोपभर आपल्या लोकांची बाजू मांडत हिंडलं. पुढे स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत बास्क भाषेची सार्वजनिक जीवनातून हकालपट्टी झाली आणि ‘इकुरिन्या’ या बास्क ध्वजावर बंदी आली. नाच मात्र ‘प्रादेशिक लोककला’ म्हणून चालवून घेतला जाई. हुकूमशहांना लोकनृत्याचं वावडं नसतं. त्यामागचा समाज बोलू लागला की अडचण होते.

या काळात, १९६० साली, बॉइझीचे काही तरुण-तरुणी सान सेबास्तियान या बास्क शहरात गेले. तिथल्या ‘ओइनकारियाक’ या नृत्यगटाशी त्यांची ओळख झाली आणि त्यांच्यासोबत ते नाचायला शिकले. परतल्यावर त्यांनी स्वतःचा गट काढला, नाव ठेवलं ‘ओइनकारी’. दोनच वर्षांत ते सिएटलच्या जागतिक प्रदर्शनात नाचले, १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या. साथीला अकॉर्डियनवर जिम हाउसोरो आणि डफावर डोमिंगो अन्सोतेगी. आयडाहोतच जन्मलेल्या हाउसोरोंनी या मुलांसाठी चार दशकांहून अधिक काळ वाजवलं. १९८५ साली अमेरिकन सरकारनं त्यांना पारंपरिक कलांसाठीचा राष्ट्रीय सन्मान दिला. गटातली मुलं मोठी होऊन पांगत, त्यांच्या जागी त्यांची मुलं येत. वादक तोच राही. गटाचा कणा नर्तकांपेक्षा वादकच असावा, असं यावरून वाटतं.

आता नाचाकडे येऊ. बिस्कायातल्या लेकेइतिओ या मच्छीमार गावात २९ जूनला, सेंट पीटरच्या दिवशी, ‘काशारांका’ होतो. आठ जण खांद्यावर एक पेटी उचलतात आणि तिच्यावर उभा राहून, कोट आणि उंच टोपी घातलेला एक जण नाचतो. तो नाच त्या गावाचा, त्या दिवसाचा. सुबेरोआ प्रांतातल्या कार्निव्हलमध्ये कमरेभोवती लाकडी घोडा बांधलेला ‘सामाल्सैन’ दारूनं भरलेल्या पेल्यावर क्षणभर पाय टेकून, थेंबही न सांडता, उडी घेतो. दुरांगोच्या परिसरात तलवारी-काठ्यांचे नाच होतात; काठ्यांचे ठोके ऐकले तर आपल्याला टिपऱ्या आठवतील. मूळ गावात यातला एक नाच पाहणाऱ्यानं दुसरा जन्मभर पाहिला नसण्याची शक्यता मोठी.

परदेशातल्या गटांनी वेगवेगळ्या प्रांतांचे नाच एका कार्यक्रमात ओवले. पांढरे कपडे, लाल कमरपट्टा, डोक्यावर चपटी टोपी हा जणू सगळ्यांचाच गणवेश झाला. ‘हे अस्सल नव्हे’ असं म्हणणारे अभ्यासक आहेत आणि त्यांचं म्हणणं चूक नाही. तारीख आणि जागा काढून घेतली की विधीचा कार्यक्रम होतो. पण बॉइझीतल्या मुलाला लेकेइतिओ देणार कोण? त्याच्या घरात आजोबा बिस्कायाचे, आजी दुसऱ्याच प्रांतातली. गावाऐवजी सात प्रांतांचा एक समाज त्याच्या वाट्याला आला, आणि तो त्याच्या पायांनी समजून घेतला. मला हा सौदा पटतो. मायदेशात फ्रँकोच्या मृत्यूनंतरही, १९७७ च्या जानेवारीपर्यंत, बंदी असलेला ध्वज इथली पोरं खुशाल फडकवत होती, हेही विसरता येत नाही.

१९७३ साली उत्तर अमेरिकेतल्या बास्क मंडळांचा महासंघ झाला. तो दर उन्हाळ्यात मुलांसाठी ‘उदालेकू’ शिबिर भरवतो. नेवाडातली मुलं कॅलिफोर्नियातल्या मुलांसोबत नाच आणि वाद्यं शिकतात, त्यात तीन भोकांचं आणि एका हातानं वाजवायचं ‘चिस्तू’ हे पाव्यासारखं वाद्यही. दुसऱ्या हातात ढोलकं वाजवायची काठी असते. बॉइझीचा ‘जायाल्दी’ महोत्सव १९८७ साली तिथल्या जुन्या तुरुंगाच्या आवारात सुरू झाला. पुढे तो दर पाच वर्षांनी भरू लागला. २०२० चा करोनामुळे लांबला आणि अखेर २०२५ मध्ये झाला.

एक खंत राहतेच. नाच टिकला तितकी भाषा टिकली नाही. उत्तम नाचणाऱ्या किती जणांना बास्कमध्ये एक वाक्य धड बोलता येतं, हा प्रश्न तिथलेच लोक विचारतात. अमेरिकेत ढोल-ताशा पथकं काढणाऱ्या आपल्या मंडळींनी तो स्वतःलाही विचारावा. बॉइझीनं त्यावर उत्तर शोधायचा प्रयत्न तरी केला: १९९८ पासून तिथे लहानग्यांची बास्क माध्यमाची शाळा चालते.

तुमचं कुणी त्या बाजूला राहत असेल, तर जुलैच्या अखेरीस बॉइझीच्या ग्रोव्ह स्ट्रीटवर जा. बास्क संग्रहालय, जुनी खाणावळ आणि १९१४ चं चेंडूच्या खेळाचं बंदिस्त मैदान एकाच रस्त्यावर आहे. दरवर्षी त्या सुमारास सान इनासिओचा उत्सव असतो आणि ओइनकारी भर रस्त्यात नाचतात.