गारपिटीतल्या सहा फेऱ्या

मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात आमच्या धाकटीविषयी पुष्कळांनी चौकशी केली. "अजून सायकल चालवते का?" असा प्रश्न असतो, आणि त्यातला जोर नेहमी 'अजून' या शब्दावर असतो. चालवते, मंडळी. नुसती चालवत नाही, शर्यतीत उतरते. मार्चमधल्या एका रविवारी केंटमध्ये जे घडले ते लिहा, असा संपादकांनी लकडा लावला, म्हणून हा लेखनाचा उपद्व्याप.

मूळ दोष आमचाच आहे. २९ जुलै २०१२ रोजी लंडन ऑलिंपिकमधली महिलांची सायकल शर्यत पाहायला आम्ही दोघे मुलींना घेऊन किंग्स्टनला गेलो होतो. रस्त्यावरच्या शर्यतीला तिकीट नसते, हे त्यामागचे खरे कारण! धाकटी तेव्हा पाच वर्षांची. पाऊस असा, की श्रावणाची आठवण यावी. फक्त ऊन मधे येत नव्हते. थालीपिठांचा डबा छत्रीखाली आणि आम्ही छत्रीबाहेर. बऱ्याच वेळाने तिघी जणी पाणी उडवीत समोरून निघून गेल्या. हॉलंडची मारिआन व्होस, रशियाची ओल्गा झाबेलिन्स्काया आणि यॉर्कशायरची लिझी आर्मिटस्टेड. त्यांच्याबरोबर अमेरिकेची शेली ओल्ड्स होती, पण तिचे चाक पंक्चर झाले आणि पदकही तिथेच गेले. १४० किलोमीटरनंतर द मॉलवर व्होसने लिझीला थोडक्यात मागे टाकले. त्या ऑलिंपिकमधले ब्रिटनचे पहिले पदक ते. आम्हाला ते घरी येऊन टीव्हीवर कळले. रस्त्यावर आम्हाला दिसले ते जेमतेम दहा सेकंद. पण धाकटीला तेवढे पुरले.

पावसातली शर्यत म्हणजे कोरड्या दिवसाचीच शर्यत, फक्त ओली, असा आमचा समज होता. तो चुकीचा आहे. दुसरीच्या मागे चिकटून गेले की वारा कमी लागतो आणि ताकद वाचते, हे खरे. पण पावसात पुढच्या चाकाचे सगळे पाणी आणि चिखल थेट तोंडावर येतो. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणे साबणासारखी होतात. टायरमधली हवा थोडी कमी ठेवायची, म्हणजे रस्त्यावर पकड राहते. चढावर घाम येतो आणि उतारावर तोच घाम गोठवतो. बोटे बधिर झाली की गिअर बदलता येत नाही, ब्रेक नीट दाबता येत नाही, खिशातला खाऊसुद्धा काढता येत नाही. आणि खाल्ले नाही तर तासाभरात पायातले बळ जाते. आमची लेक शेंगदाण्याचे लाडू नेते, कागद आधीच अर्धा सोडवून ठेवलेला.

वळणावर जपून जाणे हा भित्रेपणा नव्हे, हेही आम्हाला तिनेच शिकवले. २००८ साली बीजिंगला वेल्सची निकोल कुक शेवटच्या वळणावर मुद्दाम सावकाश गेली, कारण तिचे टायर हलके होते आणि रस्ता पावसाने निसरडा. बाकीच्या चौघी पुढे गेल्या. शेवटच्या चढावर तिने त्यांना गाठले आणि सुवर्णपदक घेतले.

आता तो रविवार. नऊ मैलांच्या सहा फेऱ्या, अडतीस मुली आणि बायका, तापमान तीन अंश, आणि वारा असा की नाव देण्याचा तंबू दोघांनी धरून ठेवलेला. सुरुवातीच्या वीस मिनिटे आधी आयोजकांनी जाहीर केले की हवामानामुळे महिलांची शर्यत चार फेऱ्यांची होईल. पुरुषांची दुपारची शर्यत मात्र ठरल्याप्रमाणे पूर्ण.

खरे सांगायचे तर 'चार' ऐकून आम्हाला बरेच वाटले. आम्ही मानही डोलावली.

स्पर्धकांना मात्र ते पटले नाही. एक चाळिशीतल्या बाई, बहुधा शाळेत शिकवत असाव्यात, शांतपणे म्हणाल्या की रस्ता धोक्याचा असेल तर दुपारीही धोक्याचाच असणार. कमी करायच्या तर दोन्ही शर्यतींच्या करा, नाहीतर कुणाच्याच नको. सगळ्याच जणींचे तसे मत नव्हते. दोघी-तिघी चार फेऱ्यांवर खूष होत्या, आणि त्यांचेही आम्हाला चुकीचे वाटले नाही. आमची धाकटी काही बोलली नाही. पण जाऊन त्या बाईंच्या शेजारी उभी राहिली. दहा मिनिटांच्या वादावादीनंतर सहा फेऱ्या कायम झाल्या.

आम्ही मोटारीत बसलो नाही. कसे बसणार?

तिसऱ्या फेरीपर्यंत ती घोळक्यात होती. चौथ्या फेरीत गारा सुरू झाल्या, हरभऱ्याएवढ्या, आडव्या. एकेक जण थांबू लागली. एका मुलीला इतके हुडहुडी भरले होते की तिच्या हेल्मेटचा पट्टा आम्ही सोडवला आणि तिला आमची शाल दिली. शाल परत आलेली नाही, आणि आम्ही मागितलेलीही नाही. पाचव्या फेरीला धाकटी एकटीच आली, तोंड चिखलाने काळे, नजर थेट पुढे. "थांब गं, पुरे!" असे शब्द ओठांवर आले होते. ती गेल्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिले. दोघांनीही ते गिळले होते.

अडतिसांपैकी सतरा जणींनी शर्यत पूर्ण केली. आमची पंधरावी. त्या शिक्षिका बाई नवव्या. दुपारी पुरुषांची शर्यत निघाली तेव्हा ऊन पडले होते, हा भाग निराळा.

मोटारीत हीटर लावून चहा दिला. तिच्याने थर्मासचे झाकण उघडेना. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तुम्ही मान डोलावलीत ना? मी पाहिलं." आम्ही 'हो' म्हटले. मग तिने लिझीची गोष्ट काढली. तीच लिझी, लग्नानंतरची लिझी डेगनन, तेव्हा एका मुलीची आई. २ ऑक्टोबर २०२१ रोजी पॅरिस-रुबे ही दगडी फरशीच्या रस्त्यांवरची शर्यत प्रथमच बायकांसाठी झाली. पुरुषांची १८९६ पासून चालू आहे. ओल्या, चिखलाच्या दगडांवर लिझी ऐंशीहून अधिक किलोमीटर एकटी पुढे राहिली आणि जिंकली. हातमोजे नव्हते, हँडलच्या पट्टीला रक्त लागले होते. बक्षीस १,५३५ युरो. पुरुष विजेत्याला ३०,०००. फरक तिच्या संघाने भरून दिला, आणि पुढे आयोजकांनीही बायकांचे बक्षीस वाढवले.

"कुणी तरी आधी बोलावं लागतं," धाकटी म्हणाली आणि झोपी गेली.

रात्री पुण्याला फोन केला. आजीला वाटले होते, आपण नातीला रागवू. त्या साठच्या दशकात भर पावसात लकडी पुलावरून सायकलने कॉलेजात जात. सगळे ऐकून त्यांनी एवढेच विचारले, "घोंगडं नव्हतं का गं तिच्याजवळ?"

पुढची शर्यत मे महिन्यात एसेक्समध्ये आहे. आमच्या मोटारीत दोन जागा रिकाम्या आहेत. येणाऱ्यांनी छत्री आणू नये, वाऱ्यात टिकत नाही, रेनकोट आणावा. थालीपिठे आम्ही करू.