पाचशे रुपयांची बातमी

नवा मोबाइल बाजारात आला की त्याची किंमत, कॅमेरा, रंग सारे वर्तमानपत्रात छापून येते. पण गॅस, बँक, सिमकार्ड यांसाठी आपण दिलेली माहिती पुढे कोणाच्या हाती पडते, हे कोण विचारणार?

जानेवारी २०१८ मध्ये चंडीगडच्या ‘द ट्रिब्यून’च्या वार्ताहर रचना खैरा यांनी ते विचारले. एका दलालाला त्यांनी ५०० रुपये दिले. दहा मिनिटांत लॉगिन मिळाले. कोणताही आधार क्रमांक टाकताच नाव, पत्ता, फोटो, फोन नंबर समोर हजर! आणखी ३०० रुपयांत कार्ड छापण्याची सोय.

दिल्लीत मुख्यालय असलेल्या आधार प्राधिकरणाने बोटांचे ठसे आणि डोळ्यांची माहिती सुरक्षित असल्याचे सांगितले व पोलिसांत तक्रार केली. दिल्ली पोलिसांच्या गुन्हे शाखेने नोंदवलेल्या गुन्ह्यात खुद्द खैरा यांचेही नाव होते. एडिटर्स गिल्डने याचा निषेध केला. त्यानंतर आठवडाभरातच प्राधिकरणाने, खरा आधार क्रमांक सांगावा लागू नये म्हणून १६ अंकी आभासी क्रमांकाची योजना जाहीर केली.

तंत्रज्ञानाची बातमी म्हणजे नव्या वस्तूंची जाहिरात नव्हे. घराघरातल्या माणसांच्या वतीने प्रश्न विचारणारा वार्ताहरही हवा.

थोडी जागरूकता आपणही दाखवू या. आधारची प्रत मागितली तर ती कशासाठी हवी, हे विचारायला संकोचू नका. शक्य तिथे पहिले आठ अंक झाकलेलीच प्रत द्या.