गिअर अडतोय? आधी क्लचचं पेडल तपासा



मागच्या खरिपात आमच्या मंडळातल्या एका गावी गेलो होतो. पावसानं उघडीप दिलेली, जमीन वाफशावर आलेली, शिवारभर पेरणीची घाई. एका दादांचा जुना ट्रॅक्टर मात्र बाभळीखाली उभा. पहिला गिअर टाकायला गेलं की ‘कर्रर्र’ आवाज. मिस्त्री सांगून गेला होता, “गिअरबॉक्स उघडावा लागेल, चार-पाच दिवस तरी जातील.” चार-पाच दिवस म्हणजे वाफसा गेलाच की!

आम्ही क्लचचं पेडल हातानं दाबून पाहिलं. जवळजवळ तीन इंच ते नुसतंच खाली जात होतं. पेडलच्या रॉडवरचा लॉकनट ढिला होऊन रॉड फिरला होता. दोन पाने आणि अर्धा तास, एवढ्यात काम झालं. दुपारी पेरणी सुरू. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसा हा प्रकार!

क्लच करतो काय?

इंजिन सतत फिरत असते. ती ताकद गिअरबॉक्सकडे जाते क्लच प्लेटमधून. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये ही प्लेट घट्ट दाबलेली असते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकते, पकड सुटते आणि गिअर बदलता येतो. पेडल सोडले की पुन्हा पकड बसते. म्हणजे बिघाड दोनच तऱ्हेचे: पकड पुरती सुटत नाही, किंवा पुरती बसत नाही.

दोष कुठे आहे, हे घरीच ओळखा

1) इंजिन बंद करा, चाकांना दगड लावा, क्लच दाबा आणि एकेक गिअर टाकून पाहा. दात्यासमोर दाता आल्याने एखादा अडला, तर क्लच दाबून ट्रॅक्टर वीतभर ढकला आणि पुन्हा टाका. बंद इंजिनावर सगळे गिअर सहज पडतात, पण चालू इंजिनावर आवाज करतात, तर गिअरबॉक्सपेक्षा क्लचवर आधी संशय घ्या. पकड सुटत नाही.

2) नांगराला ओढ लागली की इंजिनाचा आवाज चढतो, पण ट्रॅक्टर पुढे सरकत नाही, जळकट वास येतो. अशा वेळी क्लच घसरतोय, म्हणजे पकड बसत नाही.

3) पेडलवर पाय ठेवताच किरकिर आवाज आला, तर रिलीज बेअरिंग झिजले असावे.

4) चालता चालता गिअर आपोआप निसटतो, किंवा बंद इंजिनावरही दांडा अडतो, तर दोष गिअरच्या बाजूला आहे. दांड्याखालची स्प्रिंग, गोळी किंवा फोर्क झिजलेला असतो. हे काम मात्र मिस्त्रीचेच.

मोकळी चाल कशी लावावी?

पेडल हातानं हळू दाबा. जड लागेपर्यंत ते जेवढे खाली जाते, ती मोकळी चाल. पट्टीनं मोजा. पुष्कळ ट्रॅक्टरना ती साधारण 1 इंच असते, पण आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतला आकडा तोच खरा. चाल जास्त असली की पकड सुटत नाही. अगदीच नसली, तर बेअरिंग सारखे दाबलेले राहते, क्लच घसरतो आणि प्लेट जळते. प्लेट झिजत जाते तशी चाल कमी होत जाते, म्हणून अधूनमधून मोजणे बरे.

इंजिन बंद ठेवून लॉकनट ढिला करा, रॉड अर्धा फेरा फिरवा, पुन्हा मोजा. बरोबर आल्यावर लॉकनट घट्ट आवळा. दुहेरी क्लच असेल, तर पेडलची चाल लावून भागत नाही. आतले माप मिस्त्रीकडूनच लावून घ्या.

क्लच कशानं खराब होतो?

पेडलवर पाय टेकवून गाडी हाकू नका. पाय ठेवायला जागा वेगळी आहे! भरलेली ट्रॉली अर्ध्या क्लचवर ओढू नका. भातखाचरात चिखलणी करताना क्लच हाऊसिंगच्या तळाचे बूच लावा आणि काम आटोपल्यावर काढा. त्या भोकातून तेल ठिबकले, तर सील गेले समजा. तेलकट प्लेट घसरणारच. ट्रॅक्टर बरेच दिवस उभा राहणार असेल, तर पेडल दाबून खाली अडकवून ठेवावे. नाहीतर पावसाळी दमटपणात प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते.

आणि एक कळकळीची विनंती. डिझेल वाचवायला म्हणून उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून ट्रॉली सोडू नका. इंजिनाचा अटकाव गेला की सगळा भार ब्रेकवर येतो आणि मागची ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते. चढताना जो गिअर लागतो, त्याच गिअरवर उतरा.

चाल बरोबर लावूनही क्लच घसरला किंवा गिअर वाजला, तर मात्र ट्रॅक्टर रेटू नका, मिस्त्रीला दाखवा. पेरणी तोंडावर येण्याआधी, उन्हाळ्यातच एक दिवस पट्टी घेऊन बसा. पाच मिनिटांचं काम आहे, पण हंगामातले पाच दिवस वाचतात.