नापास कुणालाच करत नाहीत

एडिनबरा, ऑगस्ट

ऑगस्टात इथल्या रॉयल माइलवर सरळ चालता येत नाही. चार पावलं टाकली की कुणीतरी हातात कागद कोंबतं, आणि कोंबणारा बहुधा स्वतःच नट असतो. ‘संध्याकाळी सव्वासहा, पुलाखालचं तळघर, माझी आत्या वारली त्यावर विनोदी कार्यक्रम,’ असं एका पोरीनं अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं. गेलो. आत्या खरंच वारली होती आणि कार्यक्रम खरंच विनोदी होता.

ही सगळी गर्दी मुळात आगंतुकांची. 1947 साली, युद्धाच्या जखमा ओल्या असताना, रुडॉल्फ बिंग यांच्या पुढाकारानं इथं आंतरराष्ट्रीय कलामहोत्सव भरला. ऑपेरा, वाद्यवृंद, मोठी नावं. त्यात आठ नाटकमंडळ्या आमंत्रण नसताना येऊन धडकल्या आणि मिळेल त्या जागी खेळ लावून मोकळ्या झाल्या. या काठावरच्या मंडळींना ‘फ्रिंज’ हे नाव मिळालं. 1958 साली त्यांची संस्था झाली, पण तिनं आजवर एकही प्रयोग निवडलेला नाही आणि एकही नाकारलेला नाही. जागा मिळवा, नाव नोंदवा, उभे राहा. 2019 साली असे 3,800 हून अधिक कार्यक्रम झाले, तिकिटं गेली तीस लाखांवर. शहराची वस्ती पाच लाखांच्या आसपास!

मराठी नाटकवाल्याला हे पचायला जड जातं. आपला हौशी नट घडतो तोच मुळी परीक्षकांसमोर. पुरुषोत्तम करंडक 1963 पासून चालू आहे, राज्य नाट्यस्पर्धा त्याहून जुनी. त्याआधी संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे जाऊन यायला हवी ती वेगळीच. आणि नाटक तपासून घ्यायची ही खोड लावली कुणी? याच ब्रिटिश लोकांनी. 1876 चा नाट्यप्रयोग कायदा त्यांचाच. स्वतःच्या घरीही ते लॉर्ड चेंबरलेन नावाच्या दरबारी अधिकाऱ्याकडून संहिता मंजूर करून घेत. ती पद्धत त्यांनी 1968 साली मोडीत काढली. तो 1876 चा कायदा आपल्या कायदेपुस्तकातून जायला मात्र 2018 साल उजाडलं.

गलोंड्याच्या वाचकांना या मोकळेपणाचं एवढं नवल वाटणार नाही. दादरा-नगर हवेलीत ज्यानं भवाड्याची रात्र जागवली आहे त्याला ठाऊक आहे, की संबळ वाजू लागला की एकामागून एक सोंगं येतात आणि कुणाची संहिता कुणी तपासत नाही. फरक एवढाच, की तिकडे पुष्कळ गावांत मुखवट्याचा मान ठरलेल्या घराकडे असतो. इथं ज्याच्या खिशात भाडं, त्याचा मान. दार सताड उघडं आहे खरं, पण उंबरठा महाग. सभागृहाचं भाडं, जाहिरात, शिवाय ऑगस्टात अनेक पटींनी चढणारं घरभाडं. बरेच कलावंत पदरचे पैसे घालून परततात. परीक्षक नापास करत नाही, घरमालक करतो.

यावर उतारा म्हणून पीटर बकली हिल या विनोदवीरानं 1996 साली फुकट प्रयोगांची टूम काढली. दारूच्या गुत्त्यामागची खोली, प्रवेश मोफत, आणि शेवटी कलावंत स्वतः दारात बादली घेऊन उभा. आपल्या तमाशातल्या दौलतजाद्यात निदान पैसे टाकणाऱ्याचं नाव तरी पुकारतात. इथं गोरा माणूस नोट टाकताना नजर चुकवतो. पैशाची गोष्ट उघड करणं त्याला अवघड जातं.

हा देश समजून घ्यायचा असेल तर या तळघरांत यावं. साउथ ब्रिज हा 1788 साली पुरा झालेला पूल. त्याच्या कमानींखालच्या कोंदट खोल्यांत पूर्वी कारागीर आणि गरिबांची बिऱ्हाडं असत, आता तिथं विनोद चालतो. भिंतींना ओल, खुर्च्या गुडघ्याला गुडघा लावून. रस्त्यावर तुमचाच पाय त्याच्या पायावर पडला तरी ‘सॉरी’ म्हणणारा माणूस इथं पहिल्या रांगेत बसून पगार, टक्कल आणि घटस्फोट यांवरून यथेच्छ अपमान करून घेतो, वर टाळ्या वाजवतो. इंग्रज विनोदवीर असला तर स्कॉटिश प्रेक्षक आधी हाताची घडी घालून बसतात. 2014 सालच्या सार्वमतात स्कॉटलंडमधल्या 55 टक्क्यांनी ब्रिटनमध्येच राहायचं ठरवलं, 2016 साली 62 टक्क्यांनी युरोपात राहायचं म्हटलं, तरी बाहेर काढले गेले. हे आकडे माहीत नसतील तर निम्मे विनोद डोक्यावरून जातात.

उरलेले निम्मे स्वतःविषयी. एक माणूस, एक मंच हा प्रकार आपल्याला नवा नाही, पु. लं.नी 1961 साली ‘बटाट्याची चाळ’ एकट्यानं उभी केली. पण तिथं बोलणारा एक असला तरी मंचावर वस्ती अख्ख्या चाळीची होती. इथला कलावंत बहुधा आपलीच चिंता, आपलाच मानसोपचार, आपलंच मोडलेलं लग्न सोलत राहतो. आत्याचा कार्यक्रम लक्षात राहिला तो आत्यामुळे. सलग अशी दुःखं ऐकल्यावर कुणीतरी केळीच्या सालीवरून घसरावं असं वाटू लागतं.

आपल्याकडची माणसं इथं कमी नाहीत. 2023 साली मुख्य विनोद पुरस्कार अहिर शाह यांना मिळाला, आजोबा ब्रिटनला आले त्याच्या गोष्टीवर. त्याच वर्षी नवोदितांचा पुरस्कार मुंबईच्या उरूज अशफाक घेऊन गेल्या. बक्षीस पाच हजार पौंड. इथलं ऑगस्टातलं खोलीभाडं पाहता बक्षिसातलं फार मुंबईपर्यंत पोचलं असेल असं वाटत नाही.

कुणी येणार असाल तर अंगावर जाकीट असू द्या, दोन प्रयोगांत अर्धा तास ठेवा, आणि पहिल्या रांगेत बसू नका. कुठून आलात, असं पहिलं तुम्हालाच विचारतील. दिल्ली-मुंबई म्हणालात तर विनोद तयारच असतो. मी ‘गलोंडा’ म्हटलं, तर विनोदवीर बिचारा दोन क्षण गप्प झाला आणि शेजारच्या दंतवैद्याकडे वळला.